हे घे, प्रिये : मार्विन गेची कैफियत

कौटुंबिक न्यायालयात मी तीस वर्षं वकिली केली. या काळात घटस्फोटाचे किती अर्ज लिहिले आणि किती कैफियती दाखल केल्या, याची मोजदाद माझ्याकडे नाही. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ऑफिस बंद करता करता माझा ज्युनियर म्हणाला, "मॅडम, एका अमेरिकन गायकानं स्वतःच्या घटस्फोटाची अख्खी केस गाऊन ठेवली आहे. आणि त्या गाण्यांचे पैसे ठरले होते बायकोला. ऐकणार?" मला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. त्यानं टेबलावरच्या फायली बाजूला सारून छोटा स्पीकर ठेवला आणि गाणं लावलं. पहिलं गाणं संपेपर्यंत मी पर्स खांद्याला लावून उभी होते. नंतर बसले. सगळं मिळून ७० मिनिटांहून जास्त वेळ लागला. मधे आम्ही दोघंही बोललो नाही.

माझे कान नाट्यसंगीतावर आणि रेडिओवर घडलेले. 'सोल' हा शब्द मी ऐकून होते, पण त्याचा अर्थ विचारला असता तर सांगता आला नसता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भजन आणि त्यांचंच नाचायचं, प्रेमाचं, दुःखाचं ऐहिक गाणं यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकात ही गायकी आकाराला आली. देवाला मारायची हाक माणसाला मारायची, असं तिचं थोडक्यात वर्णन करता येईल. मार्विन गे हा या गायकीतला अव्वल आवाज. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे गाण्याची सुरुवात चर्चमधली. जन्म १९३९चा, वॉशिंग्टन शहरातला. १९७८च्या डिसेंबरमध्ये त्यानं 'हियर, माय डियर' हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. 'हे घे, प्रिये' असा त्या नावाचा अर्थ. तो बाजारात चालला नाही, समीक्षकांनीही तेव्हा फारसं स्वागत केलं नाही. आज मात्र त्याची गणना त्याच्या महत्त्वाच्या कामांत होते.

असं का झालं, याचा शोध घेताना मला माझ्याच व्यवसायातली एक जुनी गोष्ट नव्यानं कळली. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

घरातलीच कंपनी

ही केस समजून घ्यायची तर आधी घराणं समजून घ्यावं लागतं. मोटारींचे कारखाने असलेल्या डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी या तरुणानं १९५९मध्ये घरच्यांच्या सामायिक बचतीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेतले आणि रेकॉर्ड कंपनी काढली. हीच पुढे 'मोटाउन' झाली. गॉर्डीनं काही काळ मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं, आणि गाणी तयार करण्याची त्याची पद्धतही कारखान्यासारखीच होती. एक जण गाणं लिहिणार, दुसरा वाजवणार, तिसरा गाणार, आणि शेवटी बैठकीत बसून कोणतं गाणं बाजारात जाणार ते ठरवायचं. गाणं साधारण तीन मिनिटांचं, ध्रुवपद लवकर येणारं आणि लगेच ओठांवर बसणारं हवं. या साच्यातून कितीतरी अस्सल गाणी निघाली, हेही कबूल केलं पाहिजे.

बेरीची थोरली बहीण ॲना. तिनं आणि तिच्या बहिणीनं भावाच्या बरोबरीनं त्याच सुमारास रेकॉर्डच्या धंद्यात पाऊल टाकलं होतं. त्यांच्या कंपनीचं नावच 'ॲना' होतं. मार्विन डेट्रॉइटला आला तेव्हा तो साथीला ड्रम वाजवणारा, विशीतला होतकरू गायक होता. ॲना त्याच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लग्न केलं. म्हणजे मालक हा मेहुणा झाला आणि बायको ही मालकाची बहीण. आपल्याकडे सासऱ्याच्या दुकानात बसणाऱ्या जावयाची जी अवस्था होते ती वेगळी सांगायला नको. मान मिळतो, पण तो मान आपला की नात्याचा, हे कळत नाही.

ॲना ही केवळ मालकाची बहीण नव्हती, याची नोंद इथं आवर्जून करायला हवी. मार्विनच्या १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या गाजलेल्या अल्बममधल्या दोन गाण्यांच्या श्रेयात तिचं नाव आहे. १९७३च्या 'लेट्स गेट इट ऑन'चं शेवटचं गाणंही दोघांनी मिळून, आणखी एका सहकाऱ्यासोबत लिहिलेलं. तो अल्बम शृंगारासाठी प्रसिद्ध आहे, पण ते शेवटचं गाणं संपत चाललेल्या लग्नाचं आहे. म्हणजे निरोपाची पहिली ओळ लिहायलाही ती सोबत होती. पाच वर्षांनी आलेल्या कैफियतीत मात्र ती फक्त प्रतिपक्ष आहे.

तडजोडीचा आकडा

त्याच १९७३ साली मार्विनची जॅनिस हंटरशी गाठ पडली. तो चौतिशीला टेकलेला, ती १७ वर्षांची. १९७४ आणि १९७५मध्ये त्यांना दोन मुलं झाली. नोव्हेंबर १९७५मध्ये ॲनानं घटस्फोटाचा अर्ज केला. ॲना आणि मार्विन यांचा एक दत्तक मुलगा होता. त्याचं नावही मार्विन. तेव्हा तो शाळकरी वयाचा होता.

मार्विनची कमाई मोठी होती, पण हातात पैसा टिकत नव्हता. खर्च अफाट, अमली पदार्थांचं व्यसन आणि कराची देणी. अशा अशिलाच्या वकिलानं काय करावं? आम्ही अशा वेळी जमीन बघतो, भविष्यनिर्वाह निधी बघतो, सोनं बघतो. मार्विनच्या वकिलानं बघितला त्याचा गळा. पुढचा जो अल्बम होईल त्याचे पैसे ॲनाला द्यायचे, अशी तोड त्यानं काढली. एकूण ६ लाख डॉलर. त्यातले ३ लाख ५ हजार म्हणजे कंपनीकडून त्या अल्बमपोटी मिळणारी उचल, आणि उरलेले २ लाख ९५ हजार अल्बमच्या कमाईतून. मार्च १९७७मध्ये घटस्फोट पूर्ण झाला.

'उचल' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. ऊसतोडणीच्या टोळीला हंगामाआधी मिळते तीच ही चीज. रेकॉर्ड कंपनी गायकाला आधी रक्कम देते, ती बक्षीस नसते. पुढे विक्रीतून गायकाच्या वाट्याला जी रॉयल्टी येते, तिच्यातून ती आधी वळती होते आणि मग उरलेलं हातात पडतं. ही व्यवस्था एरवीच गुंतागुंतीची. त्यात आता तीन पक्ष आले. गाणारा नवरा, घेणारी बायको आणि देणारी कंपनी, जिचा मालक बायकोचा भाऊ.

या तडजोडीत एक पेच होता. अल्बम चांगला झाला, खपला, तर पैसे जाणार जिच्यावर राग आहे तिच्याकडे. वाईट झाला, तर तिचं नुकसान, पण नाव जाणार आपलं. मार्विननं पुढे आपल्या चरित्रकाराला, डेव्हिड रिट्झला, मोकळेपणानं सांगितलं, की आधी त्याच्या मनात कसाबसा, उरकून टाकलेला अल्बम करून द्यायचा होता. आमच्या कोर्टातही असे नवरे येतात. पोटगी द्यावी लागू नये म्हणून नोकरी सोडणारे, दुकान भावाच्या नावावर करणारे. फरक इतकाच, की मार्विन स्टुडिओत जाऊन बसला आणि त्याला काम टाळता आलं नाही. १९७७च्या वसंतात हॉलिवूडमधल्या स्वतःच्या स्टुडिओत त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि उरकायचं काम पसरत पसरत दोन तबकड्यांचं झालं.

गाण्यात काय आहे

वकिलाच्या नजरेनं बघितलं तर अल्बमची रचना थक्क करणारी आहे. शीर्षकगीत म्हणजे सरळ प्रस्तावना. तो बोलण्याच्या सुरात ॲनाला उद्देशून हा अल्बम तिच्या हवाली करतो. दुसऱ्या गाण्यात भेट, लग्न आणि ताटातूट असा घटनाक्रम. त्याला त्यानं चाल दिली आहे पन्नाशीच्या दशकातल्या, गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून पोरं म्हणायची तशा गाण्यांची. जुनं प्रेम जुन्या चालीत. तिसरं गाणं सहा मिनिटांचं, आणि त्याच्या नावातच अल्बमचा मध्यवर्ती प्रश्न आहे. प्रेम आटलं ते नेमकं कधी, तुझं आधी की माझं? हे गाणं पुढे नुसत्या वाद्यांवर पुन्हा येतं, आणि शेवटी आणखी एकदा. उलटतपासणीत आम्ही एकच प्रश्न तीनदा वेगवेगळ्या प्रकारे विचारतो, तसं. उत्तर मिळत नाही.

मग 'अँगर' म्हणजे संताप. या गाण्यात तो बायकोवर ओरडत नाही, रागावरच प्रवचन करतो. धर्मोपदेशकाचा मुलगा तिथं दिसतो. 'इज दॅट इनफ' हे गाणं तर थेट कोर्टाचं आहे. न्यायाधीश, मागण्या, देणी, पुरुषाची कुरकुर. शब्द संपले तरी गाणं संपत नाही, वाद्यं कितीतरी वेळ पुढे चालू राहतात. बोलून झाल्यावरही कोर्टाच्या व्हरांड्यात घुटमळणारे पक्षकार मी पाहिलेत. दुसऱ्या तबकडीवर 'यू कॅन लीव्ह, बट इट्स गोइंग टू कॉस्ट यू' हे गाणं आहे. जायचं तर किंमत मोजावी लागेल, असं तिचं म्हणणं त्यानं आपल्या तोंडून सांगितलं आहे. आणि एक गाणं भलतंच, 'अ फंकी स्पेस रिइनकार्नेशन'. भविष्यातल्या अवकाशयुगात पुनर्जन्म घेऊन तो ॲनाला पुन्हा भेटतो. विनोदी आहे, पण तेवढंच नाही. या जन्मी जमलं नाही, पुढच्या जन्मी बघू, हे वाक्य मी मराठीत किती जणांकडून ऐकलंय!

आता मुद्द्याची गोष्ट. 'व्हॉट्स गोइंग ऑन'पासून मार्विननं एक युक्ती आत्मसात केली होती. एकाच गाण्यात स्वतःचेच अनेक आवाज एकावर एक रेकॉर्ड करायचे. एक आवाज खर्जात समजूत घालणारा, एक वर चढून विनवणारा, एक मागून दुजोरा देणारा. 'हियर, माय डियर'मध्ये ही युक्ती सर्वत्र आहे. ऐकताना वाटतं, घरात माणसं भांडताहेत, मधे पडताहेत, समजावताहेत. पण ती सगळी माणसं म्हणजे एकटा मार्विन. वादी तो, प्रतिवादी तो, साक्षीदार तो आणि कोर्टातली गर्दीही तोच. चारचौघांचा आवाज येतो, पण ॲनाचा येत नाही.

मुखपृष्ठही हेच सांगतं. आतल्या बाजूला आपल्या 'व्यापार'सारख्या खेळाचा पट काढलेला आहे. पटावर 'जजमेंट' म्हणजे निवाडा असा शब्द. एका पुरुषाचा हात पटावरून बाईच्या हाताकडे तबकडी सरकवतो आहे. तिच्या बाजूला घर, गाडी अशी मालमत्ता. त्याच्या बाजूला वाद्य आणि रेकॉर्डिंगचं यंत्र. कोणतीही कैफियत अशीच असते. आपल्या बाजूचा पट रिकामा दाखवायचा.

बाजारात काय झालं

अल्बम १५ डिसेंबर १९७८ रोजी आला. कृष्णवर्णीय संगीताच्या, म्हणजे 'सोल'च्या यादीत तो चौथ्या क्रमांकापर्यंत पोचला. पण सर्वसाधारण यादीत २६च्या वर गेला नाही. 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहाव्या, 'लेट्स गेट इट ऑन' दुसऱ्या, १९७६चा 'आय वाँट यू' चौथ्या आणि १९७७चा मैफिलीचा अल्बम तिसऱ्या क्रमांकावर गेला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे घसरण कळते. सुटं गाणं म्हणून बाजारात आणलं ते अवकाशातल्या पुनर्जन्माचं. ते सोलच्या यादीत २३व्या क्रमांकावर थांबलं.

यामागची कारणं शोधताना पहिलं कारण समोरच दिसतं. १९७८ हे डिस्कोचं वर्ष. 'सॅटरडे नाइट फीव्हर' या चित्रपटाचा अल्बम त्या वर्षी सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. स्वतः मार्विनचं १९७७चं 'गॉट टू गिव्ह इट अप' हे नाचाचं गाणं अव्वल ठरलं होतं. रसिक तसलंच आणखी काही मागत होते, आणि मिळालं कोर्टाचं रोजनामचं. दुसरं कारण रचनेचं. बहुतेक गाण्यांना पटकन ओठांवर बसणारं ध्रुवपद नाही. ती बोलत बोलत पुढे जातात, लांबतात, परत येतात. रेडिओला तीन मिनिटांचा तुकडा हवा असतो. सात-आठ मिनिटांच्या तक्रारीतून असा तुकडा कापायचा कुठून? तिसरं, दोन तबकड्यांचा संच एकीपेक्षा महाग. आणि चौथं, मार्विन म्हणजे शृंगार, अशी लोकांची अपेक्षा. ज्याच्या गाण्यावर नवी जोडपी एकमेकांजवळ सरकायची, त्यानं पोटगीचा हिशेब गाणं त्यांना पचलं नाही.

ही कारणं बरोबर आहेत, पण मला ती पुरेशी वाटत नाहीत. घटस्फोटाचा विषयच लोकांना नको होता म्हणावं, तर 'रूमर्स'चं काय करायचं? फ्लीटवुड मॅक या वाद्यवृंदाचा हा अल्बम १९७७चा. त्या वृंदात दोन जोडपी होती आणि दोन्ही जोड्या तेव्हा फुटत होत्या. त्यांनी ते तुटणंच गाण्यात घातलं. अल्बम अमेरिकेत एकूण ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. म्हणजे ताटातूट विकली जात होती, तीही प्रचंड.

'रूमर्स' आणि 'हियर, माय डियर' यांत फरक आहे तो आवाजांचा. 'रूमर्स'मध्ये तो आपलं गाणं लिहितो आणि तिच्यावर ठपका ठेवतो. ती आपलं गाणं लिहिते आणि त्याला उत्तर देते. आणि दोघं एकमेकांच्या गाण्यात साथ करतात! ऐकणारा मधे बसलेल्या न्यायाधीशासारखा. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि हवी ती घ्यायची. गाणी आटोपशीर, चाली मोकळ्या. कुणाचीही ताटातूट त्यांत बसते. मार्विनच्या अल्बममध्ये अशी जागा नाही. तो एका बाईशी बोलतो आहे, तिचं नाव घेऊन. आपण दाराबाहेर उभे राहून दुसऱ्याच्या घरातलं ऐकतो आहोत असं वाटत राहतं. बोलावल्याशिवाय ऐकणाऱ्याला येतो तो अवघडलेपणा त्या वेळच्या रसिकांना आला असणार. पुढे तोच अवघडलेपणा या अल्बमचं मोल ठरला.

एक जुनी फाईल

इथं मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात माझ्याकडे एक प्राथमिक शिक्षिका आली होती. नवरा तापट, पगार तिच्याकडून काढून घेणारा, दोनदा हात उचललेला. मी तिचा अर्ज लिहिला. २३ पानं झाली. तो माझा सर्वात चांगला अर्ज होता असं मला बरीच वर्षं वाटायचं. बोलता बोलता ती एकदा म्हणाली होती, "ताई, माझी आई आजारी होती तेव्हा तीन महिने तेच तिला उचलून दवाखान्यात न्यायचे. हेही लिहा." मी म्हटलं, "हे कशाला लिहायचं? समोरचा वकील नेमकं यावरच बोट ठेवेल." ती गप्प बसली. मी ते लिहिलं नाही. आम्ही केस जिंकलो. जिंकायलाच हवी होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

सतरा-अठरा वर्षांनी त्या शिक्षिकेची मुलगी मला भेटायला आली. आई वारल्यावर कपाटात तिला अर्जाची प्रत सापडली होती. वडील त्याआधीच गेले होते. ती अतिशय शांतपणे म्हणाली, "मॅडम, यात बाबांबद्दल एकही चांगलं वाक्य नाही. खरंच काहीच नव्हतं का?" मी तिला कायदा समजावून सांगायला लागले. अर्ज म्हणजे काय, त्यात काय घालायचं असतं, काय नाही. ती ऐकत होती. मग माझं मलाच थांबावंसं वाटलं, आणि मी तिला आजीची आणि दवाखान्याची गोष्ट सांगितली. ती रडली नाही. प्रत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "हे तेविसाव्या पानावर लिहायला हवं होतं."

माझ्या ज्युनियरनं अल्बम लावला त्या संध्याकाळी दुसऱ्या तबकडीवर 'ॲनाज साँग' सुरू झालं, तेव्हा मला ती मुलगी आठवली. कैफियतीच्या मधोमध तक्रार थांबते आणि मार्विन जुने दिवस आठवतो. शेजघरातली, सणावारातली जवळीक. मग ॲनाचं नाव घेऊन असा काही टाहो फोडतो की मागचा सगळा युक्तिवाद डळमळतो. कोणत्याही वकिलानं हे गाणं काढून टाकायला सांगितलं असतं. समोरच्याच्या हातात आयतं कोलीत! पण त्यानं ते ठेवलं. त्याचं तेविसावं पान त्यानं लिहिलं.

म्हणून हा अल्बम पूर्ण न्याय्य ठरतो असं नाही. मार्विनची बाहेरची प्रकरणं, जॅनिसचं कोवळं वय, व्यसनं, उधळपट्टी, यांचा हिशेब त्यात तोकडा आहे. शेवटाकडे नव्या प्रेमाचं एक आनंदी गाणंही आहे, आणि ऑक्टोबर १९७७मध्ये जॅनिसशी केलेलं ते लग्नही अल्बम आल्यावर वर्षभरात मोडायला लागलं, हे आज माहीत असल्यामुळे ते ऐकवत नाही. ॲनाला हे सगळं ऐकून काय वाटलं असेल? आपल्या खासगी आयुष्याची जाहीर वाच्यता झाली म्हणून दावा लावण्याचा विचार तिनं केल्याची बातमी तेव्हा छापून आली होती. तिनं तो दावा लावला नाही. तिनं आपली बाजू गाण्यात किंवा पुस्तकात मांडली नाही. आपल्याकडे १९९०मध्ये सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा प्रसिद्ध पुरुषाच्या घरातली दुसरी बाजू म्हणजे काय असतं, हे मराठी वाचकांना कळलं. ॲनाचं असं पुस्तक नाही. त्या पटावर तिचा फक्त हात आहे.

हिशेब

पुढचं थोडक्यात. कर आणि कर्जं यांनी मार्विनला अमेरिकेबाहेर काढलं. १९८१मध्ये तो बेल्जियममधल्या ऑस्टेंड या समुद्रकाठच्या गावी राहिला. मोटाउन सुटली. १९८२मध्ये दुसऱ्या कंपनीकडून 'सेक्शुअल हीलिंग' आलं आणि तो पुन्हा शिखरावर गेला. १ एप्रिल १९८४ रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, घरातल्या भांडणात वडिलांनीच त्याला गोळी घातली. मधल्या काळात ॲनाशी त्याचं पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. १९८७मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा मरणोत्तर समावेश झाला, तेव्हा त्याच्या वतीनं तो मान स्वीकारायला ॲना आणि त्यांचा मुलगा गेले होते. ती २०१४मध्ये वारली.

दरम्यान अल्बमकडे बघण्याची दृष्टी बदलली. नव्वदच्या दशकात तो नव्यानं बाजारात आला, आणि २००३मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकानं काढलेल्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या यादीत तो होता. ज्या दोषांनी तो आपटला तेच आता गुण म्हणून सांगितले जातात. लांबण, ध्रुवपदाचा अभाव, नाव घेऊन बोलणं. १९७८मधला ऐकणारा पुढचं नाचाचं गाणं मागत होता. आजचा ऐकणारा सावकाश बसून एका माणसाचं मन वाचायला येतो. गाण्यांमध्ये एक सूरही बदललेला नाही.

बाजाराचा हिशेब आणि घराचा हिशेब वेगवेगळे असतात, हे मी रोज कोर्टात बघते. पोटगीचा आकडा ठरतो, पावती होते, फाईल बंद होते. उरतं ते आकड्यात बसत नाही. मार्विननं पैशाच्या बदल्यात पैसेच दिले असते तर एक निकाल कागदोपत्री पूर्ण झाला असता आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नसती. पैशाऐवजी त्याला गाणं द्यावं लागलं, आणि गाणं देताना त्याला रागाबरोबर बाकीचंही द्यावं लागलं.

आता मी नवे अर्ज फारसे घेत नाही. ज्युनियरच लिहितो, मी तपासते. अर्जात काय घालायचं हे कायदा ठरवतो, त्यात मी बदल सुचवत नाही. पण पक्षकार बोलता बोलता एखादं चांगलं वाक्य बोलून गेला, तर ते वेगळ्या कागदावर, तारखेसह लिहून फाईलच्या आत ठेवायचं, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे. आज त्याचा उपयोग नसतो. उद्या कुणीतरी विचारायला येतं.